वीज, चुंबक आणि कार्यकारणभाव

गेल्या उन्हाळ्यात आमच्या वस्तीत एक प्रसंग घडला. पत्र्याच्या खोल्यांची एक लाइन आहे. दुपारची वेळ, पत्रा तापलेला. एक ताई कूलरमध्ये पाणी भरत होत्या. फरशीवर पाणी सांडलेले, पाय अनवाणी, हात ओला. कूलरच्या पत्र्याला हात लागला आणि त्या तिथेच चिकटल्या. त्यांचा मुलगा ओढायला धावला. तेवढ्यात शेजारचे दादा ओरडले, "हात लावू नको! आधी मेन पाड!" मेन स्विच पडला, ताई खाली कोसळल्या आणि वाचल्या.

त्या रविवारी विहारात वंदनेनंतर हाच विषय निघाला. एक आजी म्हणाल्या, "वेळ आली नव्हती, म्हणून वाचली बाई." दुसरे एक गृहस्थ म्हणाले, "त्या खोलीलाच दोष आहे. मागल्या वर्षी तिथंच एकाला करंट बसला होता." आम्ही त्यांना म्हणालो, "काका, तुमचे बरोबर आहे. खोलीला दोष आहेच. पण तो वायरिंगमध्ये आहे."

कारण असेल तर कार्य घडते आणि कारण दूर केले तर कार्य घडत नाही, हे तथागत बुद्धांनी प्रतीत्यसमुत्पादातून शिकविले. ही शिकवण दुःखासाठी आहे तशी विजेच्या धक्क्यालाही लागू पडते. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत आपल्यापैकी अनेकांचा दिवस मोटारी, क्रेन आणि वेल्डिंग मशिनांसमवेत जातो. घरी आलो की पंखा, कूलर, मोबाईल. दिवसभर विजेशी संबंध येतो, पण ती कशी वागते हे फारच थोड्या जणांना ठाऊक असते. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने वीज आणि चुंबक यांची मूळ तत्त्वे सोप्या शब्दांत मांडण्याचे आम्ही ठरविले.

वीज म्हणजे काय?

जगातील प्रत्येक वस्तू अणूंची बनलेली आहे. अणूच्या मध्यभागी धन भार असतो आणि त्याभोवती ऋण भाराचे अतिसूक्ष्म कण असतात. त्यांना इलेक्ट्रॉन म्हणतात. तांबे, ॲल्युमिनियम, लोखंड अशा धातूंमध्ये काही इलेक्ट्रॉन मोकळे असतात, एका अणूला बांधलेले नसतात. हे मोकळे इलेक्ट्रॉन एका दिशेने सरकू लागले की त्यालाच आपण विद्युतप्रवाह, म्हणजे रोजच्या भाषेत 'करंट' म्हणतो. रबर, प्लास्टिक, कोरडे लाकूड यांत असे मोकळे इलेक्ट्रॉन जवळपास नसतात, म्हणून त्यांतून प्रवाह सहजासहजी जात नाही. तारेवर प्लास्टिकचे आवरण चढवितात ते याचसाठी.

बटण दाबताच दिवा लागतो, म्हणून वाटते की इलेक्ट्रॉन विजेच्या वेगाने धावत येतात. तसे नाही. तारेतील इलेक्ट्रॉन मुंगीपेक्षाही हळू सरकतात. परंतु सगळी तार आधीपासूनच त्यांनी भरलेली असल्यामुळे एका टोकाचा रेटा दुसऱ्या टोकाला तत्काळ पोहोचतो. पाण्याने भरलेल्या नळीचा नळ उघडला की दुसऱ्या टोकातून लगेच पाणी येते, तसेच हे. शिवाय आपल्या घरातील प्रवाह एका सेकंदात ५० वेळा पुढे-मागे होतो. म्हणजे परळीच्या वीज केंद्रातील इलेक्ट्रॉन वाळूजच्या बल्बपर्यंत येतच नाही. तो जागच्या जागी हेलकावे खातो आणि ऊर्जा मात्र पुढे जाते.

दाब, प्रवाह आणि रोध

विजेचा सगळा हिशेब तीन शब्दांत आहे. छतावरची पाण्याची टाकी डोळ्यांपुढे आणा. टाकी जितकी उंच, तितका पाण्याला जोर जास्त. हा जोर म्हणजे विद्युतदाब, तो व्होल्टमध्ये मोजतात. नळीतून दर सेकंदाला किती पाणी जाते, तो प्रवाह. विजेचा प्रवाह अँपिअरमध्ये मोजतात. नळी अरुंद असेल तर पाणी अडते. ही अडवणूक म्हणजे रोध, तो ओहममध्ये मोजतात. जर्मन शास्त्रज्ञ जॉर्ज ओहम याने १८२७ साली यांचा संबंध मांडला: दाबाला रोधाने भागले की प्रवाह मिळतो.

हे साधे गणित जिवाचे आहे. आपल्या घरात दाब २३० व्होल्ट असतो. ओल्या, घामेजलेल्या शरीराचा रोध साधारण १००० ओहम धरतात. २३० भागिले १००० म्हणजे ०.२३ अँपिअर, अर्थात २३० मिलिअँपिअर. आता शरीराची सोसण्याची मर्यादा पाहा. साधारण १० मिलिअँपिअरपासून स्नायू आखडू लागतात आणि माणसाला पकड सोडवता येत नाही. वीज माणसाला धरून ठेवते असे आपण म्हणतो, पण प्रत्यक्षात त्याची स्वतःचीच मूठ आवळलेली असते. ५० ते १०० मिलिअँपिअर प्रवाह छातीतून गेला तर हृदयाची लय बिघडून मृत्यू येऊ शकतो. त्वचा कोरडी असेल तर रोध वाढतो हे खरे, पण त्या भरवशावर राहू नये.

प्रवाह वाहण्यासाठी आणखी एक अट असते: मार्ग पूर्ण हवा. निघालेला प्रवाह परत आपल्या उगमाशी पोहोचला पाहिजे. तारेवर बसलेल्या चिमणीला धक्का बसत नाही, कारण तिचे दोन्ही पाय एकाच तारेवर, जवळपास एकाच दाबावर असतात. तिच्यातून पुढे जायला वाटच नसते. ही अट लक्षात ठेवा, कूलरचे कोडे याच अटीने सुटणार आहे.

विजेपासून चुंबक

लोहचुंबक माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक होता. होकायंत्राच्या आधारे जहाजे समुद्र ओलांडत होती. पण चुंबकाचा विजेशी काही संबंध असेल हे सिद्ध झाले नव्हते. १८२० साली डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरात हान्स ख्रिस्तिअन ओर्स्टेड याच्या ध्यानात आले की तारेतून प्रवाह सोडला की जवळच्या होकायंत्राची सुई हलते आणि प्रवाह बंद केला की मूळ जागी येते. म्हणजे वाहणारी वीज स्वतःभोवती चुंबकत्व निर्माण करते.

हा प्रयोग मुलांना घरी करता येईल. एक मोठा खिळा घ्या. त्याभोवती प्लास्टिकचे आवरण असलेली बारीक तांब्याची तार पन्नास-साठ वेढे गुंडाळा. तारेची सोललेली टोके दीड व्होल्टच्या सेलला क्षणभर लावा. खिळा टाचण्या उचलू लागेल. सेल काढला की बहुतेक टाचण्या खाली पडतील. हा झाला विद्युतचुंबक. भंगाराच्या यार्डात लोखंड उचलणारी चुंबकाची क्रेन, घराची बेल, कारखान्यातील रिले आणि काँटॅक्टर याच तत्त्वावर चालतात. मात्र हा प्रयोग फक्त सेलवरच करावा. घरातील प्लगला तार लावण्याचे धाडस कोणीही करू नये.

याच तत्त्वाचे मोठे रूप म्हणजे मोटार. चुंबकाजवळ ठेवलेल्या तारेतून प्रवाह सोडला की दोन चुंबकत्वांची ढकलाढकल होते आणि तार हलते. तारेचे वेटोळे आसावर बसविले की ते फिरू लागते. घरचा पंखा, पिठाची गिरणी, बोअरचा पंप आणि कंपनीतील कन्व्हेअर यांना हीच ढकलाढकल फिरविते.

चुंबकापासून वीज

विजेपासून चुंबक होतो, तर चुंबकापासून वीज का होऊ नये? हा प्रश्न मायकेल फॅरेडे याने धसास लावला. त्याचे चरित्र आपल्या मुलांनी अवश्य वाचावे. १७९१ साली लंडनजवळ एका गरीब लोहाराच्या घरी तो जन्मला. शाळेत जेमतेम लिहिणे, वाचणे आणि हिशेब शिकला. चौदाव्या वर्षी पुस्तके बांधणाऱ्याकडे उमेदवारी करू लागला आणि बांधणीला आलेली पुस्तके वाचून काढू लागला. विजेची पहिली ओळख त्याला अशाच एका ज्ञानकोशातून झाली. १८१२ साली हम्फ्री डेव्ही या नामवंत शास्त्रज्ञाची व्याख्याने त्याने ऐकली, त्यांची टिपणे स्वतः बांधून डेव्हीकडे पाठविली आणि १८१३ साली रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये प्रयोगशाळेतील मदतनीस म्हणून कामाला लागला. डेव्हीबरोबर युरोपच्या प्रवासात असताना त्याला नोकरासारखी वागणूक सोसावी लागली. पण त्याने अभ्यास सोडला नाही.

२९ ऑगस्ट १८३१ रोजी फॅरेडेने एक लोखंडी कडे घेतले. त्याच्या एका बाजूला तारेची एक गुंडाळी, समोरच्या बाजूला दुसरी. दोन्हींचा एकमेकींना स्पर्श नाही. पहिल्या गुंडाळीत प्रवाह सुरू केला की दुसऱ्या गुंडाळीला जोडलेली सुई क्षणभर हलली आणि थांबली. प्रवाह बंद केला तेव्हा ती पुन्हा, पण उलट दिशेला हलली. याचा अर्थ असा की नुसते चुंबकत्व असून भागत नाही. ते बदलले पाहिजे. बदलते चुंबकत्व तारेत वीज निर्माण करते. पुढे काही आठवड्यांत त्याने गुंडाळीत चुंबक आत-बाहेर करूनही वीज मिळविली.

जुन्या सायकलचा डायनमो ज्यांनी वापरला आहे त्यांना हे लगेच पटेल. चाकाबरोबर आतला चुंबक फिरे, भोवतालच्या गुंडाळीत वीज तयार होई आणि दिवा लागे. दिवा लावला की पायडल जड होई, कारण वीज फुकट मिळत नाही, त्यासाठी श्रम मोजावे लागतात. वाळूजला १९८५ साली बजाजचा कारखाना सुरू झाला आणि दुचाकी ही या परिसराची ओळख बनली. पेट्रोलच्या दुचाकीतील मॅग्नेटोही याच तत्त्वावर वीज तयार करून बॅटरी चार्ज करतो.

पैठणपासून आपल्या डीपीपर्यंत

वीज केंद्र म्हणजे फार मोठा डायनमोच होय. परळीला कोळसा जाळून वाफ करतात आणि वाफेच्या जोराने चक्र फिरवितात. आपल्या शेजारी पैठणला जायकवाडी धरणाच्या पायथ्याशी १२ मेगावॅटचे जलविद्युत केंद्र आहे, तिथे हे काम गोदावरीच्या पाण्याकडे सोपविलेले आहे. त्याची रचना विशेष आहे. पाणी खाली येताना यंत्राने वीज निर्माण करावी आणि वीज देऊन तेच यंत्र उलटे फिरविले की खालचे पाणी परत वर चढवावे, अशी ती योजना. म्हणजे जनित्र आणि मोटार या एकाच नाण्याच्या दोन बाजू झाल्या.

दूरवर वीज नेताना तारा तापतात आणि वीज वाया जाते. प्रवाह निम्मा केला तर ही हानी चौथाई होते. म्हणून दाब खूप वाढवून प्रवाह कमी ठेवतात आणि वस्तीजवळ आल्यावर दाब उतरवितात. उतरविण्याचे काम रोहित्र करते. आपण त्याला डीपी म्हणतो. आत काय असते? लोखंडी गाभ्यावर तारेच्या गुंडाळ्या. फॅरेडेचेच कडे, फक्त आकाराने मोठे. ११,००० व्होल्ट आत येतात आणि गुंडाळ्यांतील वेढ्यांच्या प्रमाणात दाब उतरून घरात २३० व्होल्ट पोहोचतात. तेथून निघणारी न्यूट्रल तार डीपीजवळच जमिनीत गाडलेली असते.

ताईंना करंट का बसला?

आता कूलरकडे परत येऊ. पंपाच्या वायरचे आवरण झिजले होते. त्यामुळे फेजचा २३० व्होल्ट दाब कूलरच्या लोखंडी पत्र्यावर आला. ताईंचा ओला हात पत्र्याला आणि ओले पाय जमिनीला लागलेले. जमीन डीपीच्या न्यूट्रलशी जोडलेली. मार्ग पूर्ण झाला: फेज, पत्रा, हात, छाती, पाय, जमीन, डीपी. यात दैवाचा, नजरेचा किंवा वास्तूचा काहीही भाग नाही. आवरण, पाणी, अनवाणी पाय यांतील एक जरी कारण नसते तरी हे टळले असते किंवा धक्का सौम्य बसला असता.

"पण फ्यूज का उडाला नाही?" असे त्या रविवारी एका तरुणाने विचारले. प्रश्न मोलाचा आहे. ५ अँपिअरचा फ्यूज ५००० मिलिअँपिअरपेक्षा जास्त प्रवाह बराच वेळ गेला तरच वितळतो. माणसाचा जीव घ्यायला त्याच्या पन्नासाव्या हिश्शाइतका प्रवाह पुरतो. ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब सुमारे २६० मिलिअँपिअर घेतो. म्हणजे ताईंच्या शरीरातून जाणारा प्रवाह फ्यूजच्या लेखी एका बल्बएवढा. फ्यूज आणि साधी एमसीबी वायरला आगीपासून वाचवितात, माणसाला धक्क्यापासून नव्हे.

माणसासाठी पहिले संरक्षण अर्थिंगचे. थ्री-पिनमधील वरची जाड पिन यंत्राचे लोखंडी अंग जमिनीशी जोडते. पत्र्यावर फेज आला की प्रवाहाला माणसापेक्षा कितीतरी सोपी वाट मिळते, मोठा प्रवाह जातो आणि फ्यूज उडतो. पण आपल्या भाड्याच्या खोल्यांत ती तिसरी तार कित्येकदा जोडलेलीच नसते किंवा अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडलेला असतो. समजा खड्ड्याचा रोध २० ओहम झाला, तर २३० भागिले २० म्हणजे ११.५ अँपिअर. १६ अँपिअरची एमसीबी एवढ्याने पडत नाही आणि पत्रा तसाच जिवंत राहतो.

जीव वाचविणारे कडे

दुसरे संरक्षण म्हणजे आरसीसीबी. तिच्या पोटात पुन्हा एक छोटे चुंबकीय कडे असते. घरात जाणारी फेज आणि परत येणारी न्यूट्रल या दोन्ही तारा त्या कड्यातून जातात. जेवढा प्रवाह गेला तेवढाच परत आला, तर दोन्ही तारांचे चुंबकत्व एकमेकांना रद्द करते आणि काही घडत नाही. पण थोडा प्रवाह माणसातून जमिनीत गेला तर परत येणारा प्रवाह कमी पडतो. हिशेब जुळत नाही, कड्यात चुंबकत्व शिल्लक उरते. ते सतत बदलते असल्यामुळे कड्यावरच्या तिसऱ्या गुंडाळीत वीज निर्माण होते आणि ती खटका पाडते. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी हे काम डोळ्याची पापणी लवते न लवते तोच करते.

विचार करा, ओर्स्टेडच्या सुईने आणि फॅरेडेच्या कड्याने जे सांगितले, तेच आज आपल्या लेकराचा जीव वाचवू शकते. ही वस्तू मोबाईलच्या किमतीपेक्षा बरीच स्वस्त मिळते. ती परवानाधारक वायरमनकडूनच बसवून घ्यावी आणि तिच्यावरचे चाचणीचे बटण अधूनमधून दाबून पाहावे. एक मात्र ध्यानात ठेवावे: एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरली, तर तिलाही फरक कळत नाही. म्हणून अर्थिंग, आरसीसीबी आणि सावधपणा ही तिन्ही हवीत.

कूलरमध्ये पाणी भरताना स्विच बंद करून पिन काढावी. पायात कोरडी चप्पल असावी. चौदा एप्रिलच्या आणि बुद्ध पौर्णिमेच्या मंडपात लोखंडी कमानीला माळांच्या उघड्या जोडण्या लागू देऊ नयेत, आकडा टाकून वीज घेऊ नये, आणि मिरवणुकीचा ट्रक सजविताना ध्वजाची काठी व देखावा वरच्या तारांपासून दूर राहील हे आधी पाहावे. ११,००० व्होल्टची तार स्पर्श न होताही ठिणगी टाकू शकते. कोणास धक्का बसलाच तर प्रथम मेन बंद करावा. ते शक्य नसेल तर स्वतः कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडाने त्यास बाजूला करावे. हा उपाय फक्त घरच्या विजेसाठी आहे. मोठ्या लाइनच्या जवळही जाऊ नये. श्वास थांबला असेल तर छातीवर दाब देणे सुरू करावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. घाटीपर्यंतचे अंतर लक्षात घेता ही पहिली काही मिनिटे आपल्याच हाती असतात.

बाबासाहेब आणि वीज

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. कामगारांच्या हिताबरोबर पाटबंधारे आणि वीज हे विषयही त्यांच्याकडे होते, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. १९४३ साली वीजधोरणाच्या समितीपुढे बोलताना त्यांनी मांडलेला विचार असा: शेतीवर पडलेला अति भार हे देशाच्या दारिद्र्याचे मूळ आहे, त्यावर उपाय उद्योगीकरण, आणि उद्योगीकरणासाठी वीज स्वस्त व मुबलक हवी. पुढे केंद्रीय तांत्रिक विद्युत मंडळ त्यांच्याच खात्यात स्थापन झाले. दारिद्र्य नशिबाने येत नाही, त्यालाही कारण असते आणि कारण दूर करता येते, हीच दृष्टी त्यामागे होती.

त्यांनी उभारलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली आपल्या शहरात महाविद्यालय सुरू केले. त्यास नाव मिळाले मिलिंद, आणि परिसरास नागसेनवन. मिलिंद हा प्रश्न विचारणारा राजा होता आणि भिक्खू नागसेन दाखले देऊन उत्तर देणारे होते. प्रश्न विचारण्याचा हा वारसा आपला आहे. आपली मुले आयटीआयमध्ये वीजतंत्री आणि तारतंत्री होत आहेत, अभियंते होत आहेत. त्यांनी नुसते 'कोणती तार कुठे जोडायची' एवढ्यावर थांबू नये, 'का' हेही विचारावे. ज्याला 'का' कळते तो यंत्राचा नोकर राहत नाही.

त्या लाइनमधील खोल्यांना आता नवीन अर्थिंग झाले आहे. घरमालकाशी बोलून, वर्गणी काढून मेन बोर्डात आरसीसीबीही बसविली आहे. परवा त्याच आजींनी आम्हांस हटकून विचारले, "ते बटण महिन्याला दाबायचं की दोन महिन्यांनी?" आम्हांस फार बरे वाटले. आपणही घरी गेल्यावर आपला बोर्ड उघड्या डोळ्यांनी पाहावा, एवढीच विनंती.

जय भीम! नमो बुद्धाय!